तिसरं बाक

आज दुपारी एका ओळखीच्यांकडे जेवायला गेले होते. गप्पांत एक गृहस्थ म्हणाले, "तुमच्या लिस्बनचा तो आव्हेनिदा दा लिबेरदाद रस्ता म्हणजे जागेची नासाडी आहे. दोन्ही बाजूंना नुसती झाडं आणि चालायला एवढी जागा! तेवढ्यात आणखी दोन-दोन लेन सहज बसल्या असत्या." दोघातिघांनी माना डोलावल्या. दुसऱ्याच्या घरी होते म्हणून गप्प बसले. पण संध्याकाळ झाली तरी ते डोक्यातून जाईना.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये बाबा तीन महिने माझ्याकडे राहायला आले. वय ७४. त्याआधी वर्षभर ते घराबाहेर धड चाललेच नव्हते. आमच्या गल्लीतल्या फुटपाथची फरशी उखडलेली, तीत पाय अडकून पडले आणि मनात भीती बसली. गॅलरीतल्या गॅलरीत फेऱ्या मारायचे. आयुष्यभर रस्त्यांच्या कामावर ओव्हरसियर असलेला माणूस!

पहिल्या दिवशी रेस्तावरादोरेश मेट्रोतून वर आलो आणि झाडांखालून चालायला लागलो. रस्ता हळूहळू चढत जातो. तिसऱ्या बाकापाशी बाबा थांबले, बसले, म्हणाले, "आज इथवर पुरे." दुसऱ्या दिवशी पाचवं बाक. महिनाभरात ते वरच्या टोकाला मार्केश द पोंबालच्या पुतळ्यापर्यंत पोचले. अकराशे मीटर, तेही चढाचे. आणि म्हणे जागेची नासाडी!

अहो, १७५५ च्या भूकंपानंतर शहर नव्यानं उभं राहत होतं, तेव्हा या रस्त्याच्या खालच्या टोकाला लोकांना फिरायला बाग केली. पासेयो पुब्लिको. १८७९ नंतर ती पाडून हा नव्वद मीटर रुंद रस्ता काढला, १८८६ मध्ये तो खुला झाला, तरी चालणाऱ्यांची जागा आणि झाडं राहिलीच. मोटारी तर नंतर आल्या. मग इथं आगंतुक कोण? मधल्या लेनमधून धूर येतो, मान्य. म्हणून झाडं काढून आणखी धूर आणायचा?

बागेतले दोन पुतळे अजून या झाडांत आहेत, तेजू आणि दोउरू या नद्यांचे. दोन्ही पुरुष. बाबांना याचं फार अप्रूप. "म्हणजे नद म्हण की, ब्रह्मपुत्रेसारखा," म्हणाले, आणि पुढं रोज जाता-येता "काय नदराव" म्हणून हात करायचे.

२५ एप्रिलला तर मधल्या गाड्याही बंद होत्या. १९७४ च्या क्रांतीची आठवण म्हणून हजारो माणसं लाल कार्नेशन घेऊन वरून खाली चालत येत होती. एका आजीनं बाबांच्या हातात एक फूल दिलं. गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालनं मान्य केलं ते या क्रांतीनंतरच, त्याच वर्षी डिसेंबरात. बाबा म्हणाले, "गोवा सुटला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. फूल घरी आणून पाण्यात ठेवलं.

आणि पायाखालची ती फरसबंदी! मुठीत मावतील एवढे चुनखडीचे दगड, पांढऱ्यात काळी नक्षी. पावसात घसरतात, खरंय. तेव्हा बाबा काठी घ्यायचे. एकदा तिसऱ्या बाकापुढं डागडुजी चालली होती. कारागीर बुटक्या स्टुलावर बसलेला, डाव्या तळव्यावर दगड, उजव्या हातात हातोडी. एक टवका उडवायचा, दगड फिरवायचा, पुन्हा एक, आणि दगड शेजाऱ्याला चिकटून बसायचा. बाबा पाऊण तास उभे, तेही काठीशिवाय. "सांधा बघ, सांधा," एवढंच चाललेलं. शेवटी त्या माणसानं हसत एक पांढरा दगड बाबांच्या हातात दिला. दोघांना एकमेकांची भाषा ओ की ठो कळत नव्हती. बाबांनी तो दोनदा फिरवला, वाकले (वर्षभरात पहिल्यांदा असे वाकले असतील), बसवला. कारागिरानं वरून दोन ठोके दिले आणि मान हलवली.

त्या गृहस्थांना हे सांगायला हवं होतं. राहून गेलं.

आता त्याच बाकावर बसून लिहितेय. मघाशी इथूनच बाबांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडं रात्रीचे साडेअकरा, पण जागे होते. म्हणाले, "आपला दगड आहे का बघ गं." मोबाइल खाली धरला. मला तर सगळे दगड सारखेच दिसत होते.

"डावीकडे घे. अजून जरा. काळ्या पट्टीला लागून. हां, तोच."