मी रोबोट नाही, मला मोतीबिंदू आहे

मला मोतीबिंदू झालाय हे सगळ्यात आधी कुणी सांगितलं असेल, तर ते सरकारी रुग्णालयाच्या वेबसाइटनं. डॉक्टरांनी नंतर फक्त दुजोरा दिला.

पेपर वाचताना मी तो लांब धरायचो. मग हात पुरेनात. रात्री प्रत्येक दिव्याभोवती देवाच्या फोटोत असतं तसं वलय दिसायला लागलं. तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, आता रांगेत उभं राहायचं कारण नाही. घरबसल्या नंबर लावायचा. दोन मिनिटांचं काम आहे." एवढं बोलून ती ऑफिसला गेली. ज्याला आपल्याला ते करून द्यायचं नसतं, त्याच्या लेखी प्रत्येक काम दोन मिनिटांचं असतं.

नाव टाकलं. पत्ता टाकला. जन्मतारखेच्या चौकोनावर बोट ठेवलं, तर कॅलेंडर उघडलं ते थेट आजच्या तारखेवर. म्हणजे माझा जन्म आज सकाळी झाला असावा, हा यंत्राचा प्राथमिक अंदाज. मागे जायला डावीकडे एक बारीक बाण होता. एकदा दाबला की एक महिना मागे. मी 1958 चा. बारानं गुणून पाहिलं, आठशेच्या वर दाब होत होते. म्हटलं, नोकरीत असली कामं पस्तीस वर्षं केलीत, ही काय मोठी गोष्ट! बसलो दाबत. नातवंडं मागे पडली, निवृत्ती गेली, मुलीची दहावी गेली. चाळीसेक मिनिटांनी ही स्वयंपाकघरातून ओरडली, "झालं का हो?"

"अजून आपलं लग्न व्हायचंय!"

"मग थांबा तिथंच," ही म्हणाली. "पुन्हा एकदा विचार करू."

या विचारात पाच मिनिटं गेली आणि पडद्यावर 'सत्र समाप्त झाले आहे' अशी पाटी आली. नाव, पत्ता, सगळं पुसून कोरं. वर जो सालाचा आकडा दिसतो, त्यावर टिचकी मारली की सगळ्या वर्षांची यादी उघडते, हे मुलीनं संध्याकाळी सांगितलं. तेही हसत.

दुसऱ्या दिवशी जन्मतारीख एका झटक्यात पार केली आणि कॅप्चाशी गाठ पडली. 'मी रोबोट नाही' असं लिहून खाली सहा अक्षरं. त्यातलं एक आडवं पडलेलं, दोन एकमेकांच्या अंगावर, आणि सगळ्यांच्या पोटातून एक वाकडी रेघ गेलेली. या कॅप्चाचं पूर्ण नाव लांबलचक आहे. संगणक कोण आणि माणूस कोण हे वेगळं ओळखणारी स्वयंचलित चाचणी, असा त्याचा अर्थ. नावात ब्रिटिश गणिती ॲलन ट्युरिंगही आहेत. यंत्र विचार करू शकेल का, हा प्रश्न त्यांनी 1950 साली मांडला होता. माणूस वाचू शकेल का, हा प्रश्न नंतरच्यांनी घातला.

पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा चुकलं. तिसऱ्यांदा मी शून्य लिहिलं ते 'ओ' निघालं. शेजारी कानाचं चिन्ह होतं, ते दाबलं. त्यातून वादळात सापडलेला कुणी माणूस आकडे सांगत असावा, असा आवाज आला. म्हणजे डोळ्यांसाठी नंबर लावायला जावं, तर यंत्र जाता जाता कानाच्या विभागातही पाठवायच्या बेतात.

नेत्रतपासणीचा जो अक्षरांचा तक्ता असतो ना, तो स्नेलन या डच डॉक्टरांनी 1862 साली काढला. काळी ठळक अक्षरं, पांढरी पाटी, सहा मीटर अंतर. किती सभ्य माणूस! वाचता आलं नाही तर तो तक्ता म्हणतो, तुम्हाला चष्मा हवा. कॅप्चा म्हणतो, तुम्ही माणूसच नाही. वर कडी अशी, की 2023 साली कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी 1,400 माणसांकडून कॅप्चे सोडवून घेतले आणि यंत्रांच्या कामगिरीशी ताडून पाहिले, तर यंत्रंच जास्त अचूक आणि जास्त झटपट निघाली. म्हणजे माझं चुकणं हाच खरं तर मी माणूस असल्याचा पुरावा. पण तो घेणार कोण?

शेवटी हिनं चष्मा कपाळावर सरकवला, फोन नाकाला लावला आणि सहाच्या सहा अक्षरं वाचली. मी रोबोट नाही हे सिद्ध झालं. म्हणजे ही नाही हे सिद्ध झालं. माझा निकाल अजून राखून ठेवलाय.

रुग्णालयात दोन रांगा होत्या. 'ऑनलाइन नोंदणी केलेल्यांसाठी' ही जास्त लांब होती. मी क्यूआर कोड पुढे केला. "काका, ब्राइटनेस वाढवा." वाढवला. "तिरका धरा." धरला. "इतका तिरका नको." हा कोड 1994 साली जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला तयार झाला. तो तीस टक्क्यांपर्यंत खराब झाला तरी वाचता यावा, अशी सोय त्यात करता येते म्हणे. माझा डोळा बहुधा एकतीस टक्क्यांवर असणार. शेवटी मॅडमनी माझा मोबाइल नंबर हातानं टाइप केला, मग तोच एका लांब वहीत लिहिला. "वही कशाला?" मी विचारलं. "कधी कधी बंद पडतं ना," त्या म्हणाल्या. चीड यायला हवी होती, पण त्यांच्या टेबलावर दोन वह्या संपलेल्या आणि तिसरी अर्धी पाहिली आणि काही बोलवेना.

एक मात्र कबूल करतो. आत डॉक्टरांनी दोन कळा दाबल्या आणि दुसऱ्याच विभागात मी कधीतरी केलेला साखरेचा रिपोर्ट समोर आला. हिनं घरून कागदांनी भरलेली पिशवी आणली होती, ती उघडावीच लागली नाही. हिला ते थोडं लागलंच.

मग सिस्टरनी डोळ्यांत थेंब घातले. बाहुल्या मोठ्या व्हायला हव्यात म्हणून पुन्हा घातले, पुन्हा घातले. ही औषधं आणायला खालच्या खिडकीवर गेली. आम्ही आठ-दहा जण बाकावर ओळीनं, डोळे मिटून. उघडले तरी फरक पडत नव्हता. जवळचं सगळं ताकासारखं धुरकट. आणि नेमके तेव्हाच सगळ्यांचे फोन वाजायला लागले. ऑपरेशनची तारीख पक्की करायला ओटीपी येत होते. मुदत पाच मिनिटं. ज्यांच्या बाहुल्या वाढवून ठेवल्यात, त्यांनाच वाचायला लावायचं, ही कल्पना ज्याला सुचली त्याचे डोळे नक्कीच उत्तम असणार.

बाकाच्या टोकाला एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा आजीबरोबर आला होता. आजीचा ओटीपी त्यानं वाचून दिला. शेजारच्या आजोबांनी फोन पुढे केला. मग त्यांच्या शेजारच्यांनी. पाहता पाहता तो अख्ख्या बाकाचा सर्व्हर झाला. आणि पोरगं प्रामाणिक, संपूर्ण मेसेज वाचायचं, तेही शाळेत धडा वाचतात तसं खणखणीत: "तुमचा ओटीपी चार सात शून्य दोन नऊ एक आहे. हा कोणालाही सांगू नका." की सगळा बाक एका सुरात, "बरं." दोघांची मुदत संपली, तर त्यानं नवे मागवून दिले. एका काकांना म्हणाला, "तुमचा पासवर्ड सोपाय, बदला."

माझा फोन काही वाजेना. मी त्याला जवळ बसवून घेतलं. "नेटवर्क नाहीये आजोबा, खिडकीकडे धरा." मी खिडकीकडे धरला. उजेडानं डोळ्यांत पाणी आलं, पण हात खाली घेतला नाही. आतून कुणीतरी एक नाव पुकारलं. मुलगा उठला, आजीचा हात धरला आणि आत गेला.

दार बंद झालं आणि माझा फोन वाजला.