दोन दिवसांच्या कार्यशाळेनंतर

बचत गटाच्या बैठकीला सलग दोनदा न आलेल्या बाईच्या घरी सर्वांत आधी पोहोचते ती सहयोगिनी, म्हणजे गटांचे काम पाहणारी संस्थेची कार्यकर्ती. ‘झोप लागत नाही, जेवण जात नाही, जीव नुसता घाबरा होतो’ हे डॉक्टरांच्या कितीतरी आधी तिच्याच कानावर पडते. म्हणून सामाजिक संस्थांच्या कार्यकर्त्यांना मानसिक आधाराचे प्राथमिक प्रशिक्षण मिळालेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. काळजी वाटते ती याची, की दोन दिवसांची कार्यशाळा घ्यायची, प्रमाणपत्रे वाटायची आणि अहवालात आकडा भरायचा, एवढ्यालाच आपण प्रशिक्षण म्हणू लागलो आहोत.

गोव्यात ‘संगथ’ संस्थेने मानसोपचाराचे कोणतेही पूर्वशिक्षण नसलेल्या समुपदेशकांकडून 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांना आठवड्याला एक याप्रमाणे सहा ते आठ सत्रे दिली. 2017 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी त्यांतील 64 टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होते. हे आकडे आपण उत्साहाने सांगतो, पण ते समुपदेशक नियमितपणे एकत्र बसून एकमेकांच्या सत्रांचे ध्वनिमुद्रण ऐकत आणि त्यावर चर्चा करत, हे सांगायचे राहून जाते.

ही देखरेख का हवी, ते सरावाच्या वेळी लख्ख दिसते. नैराश्य तपासण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘पीएचक्यू-9’ या प्रश्नावलीतील नववा प्रश्न मरणाच्या विचारांविषयी असतो. झोप, भूक, थकवा येथपर्यंत न अडखळता विचारणाऱ्या कार्यकर्तीचा आवाज इथे उतरतो, नजर कागदात जाते आणि ‘तसं काही मनात येत नाही ना?’ असे तोंडातून निघते. यावर समोरची ‘नाही’च म्हणणार! थेट विचारल्याने आत्महत्येचा विचार डोक्यात भरत नाही, हे वर्गात सांगून भागत नाही. कोणीतरी शेजारी बसून तिची वाक्ये पुन्हा पुन्हा घोटून घ्यावी लागतात. आणि उत्तर ‘हो, येतो’ असे आलेच, तर त्या बाईला एकटे सोडायचे नाही, घरातले कीटकनाशक तिच्या हाताला लागणार नाही असे ठेवायला घरच्यांना सांगायचे, ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर बोलणे करून द्यायचे आणि जिल्हा रुग्णालयापर्यंत सोबत जायचे, हे तिला आधीपासून पाठ हवे.

त्या रात्री घरी परतलेल्या कार्यकर्तीने स्वतःचा ताण कोणापाशी बोलावा, याची सोय मला फारच थोड्या ठिकाणी दिसते. प्रकल्पाचे अंदाजपत्रक करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की प्रशिक्षणार्थींची संख्या हवी तर निम्मी करा, पण वर्षभर दर पंधरवड्याला त्यांच्यासोबत बसणाऱ्या अनुभवी समुपदेशकाचे मानधन त्यात धरा.