एका नकाराने सैन्याचं दार बंद होत नाही

‘एकदा नाकारलं की सैन्यात पुन्हा अर्जच करता येत नाही,’ असा संदेश फिरतोय. तो सरसकट खरा नाही. आधी वैद्यकीय तपासणीतला शेरा नीट वाचा. ‘तात्पुरता अपात्र’ आणि ‘कायमचा अपात्र’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कमी वजन किंवा कानातला मळ यांवर बहुधा इलाज असतो. खरी अडचण वयोमर्यादेची, कारण वय थांबत नाही.

दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन सैनिक ऑडी मर्फी याला मरीन दलाने नाकारलं होतं. १९४२ मध्ये तो पायदळात शिरला आणि १९४५ च्या पराक्रमासाठी त्याला ‘मेडल ऑफ ऑनर’ हा अमेरिकेचा सर्वोच्च शौर्य सन्मान मिळाला. (भरतीसाठी त्याने वय मात्र खोटं सांगितलं होतं, तेवढं गिरवू नका.) पुन्हा अर्ज करताना आधीचा नकारही लपवू नका. लपवाछपवी उघडकीला आली, तर मात्र दार खरंच बंद होऊ शकतं.