रायझरची जागा कॉम्प्युटर काय सांगणार?

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल. कोल्हापूरच्या पट्ट्यातल्या कुठल्याही फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) सिम्युलेशनचा, म्हणजे साच्यात धातू कसा गोठेल हे कॉम्प्युटरवर आधी पाहण्याचा, विषय निघाला की एक ठरलेलं म्हणणं ऐकू येतं, आणि तेच मोबाइलवरही फिरत असतं. थोडक्यात ते असं: सिम्युलेशन म्हणजे नुसती रंगीत चित्रं. अनुभवी माणूस पॅटर्न (साचा बनवायचा नमुना) हातात घेऊनच रायझरची, म्हणजे गोठताना आकसणाऱ्या धातूला जादा धातू पुरवणाऱ्या साठ्याची, जागा सांगतो. स्क्रीनवर ओके आलेलं कास्टिंग (ओतीव भाग) मशीन शॉपमध्ये पोकळ निघतं. त्यापेक्षा ट्रायल ओतून बघणं स्वस्त. आणि हे सगळं मोठ्या कंपन्यांनाच परवडतं.

यातल्या तिसऱ्या मुद्द्यात बरंच तथ्य आहे, म्हणून त्यावर जास्त लिहिलं आहे. बाकीचे तपासायला घेतले की टिकत नाहीत.

‘नुसती रंगीत चित्रं’

त्या रंगांमागे साधा हिशेब आहे. धातू गोठायला लागणारा वेळ हा त्याचं आकारमान भागिले थंड होणारं पृष्ठफळ, म्हणजे मॉड्युलस, याच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. हा नियम ख्वोरिनोव यांनी १९४० साली मांडला. आता १५ मि.मी. जाडीची भिंत आणि तिला जोडलेला ८० मि.मी. व्यासाचा, तेवढ्याच उंचीचा बॉस (जाड गोल उंचवटा) घ्या. भिंतीचा मॉड्युलस ७.५ मि.मी., बॉसचा साधारण १३.३. गुणोत्तराचा वर्ग केला तर बॉसला भिंतीच्या तिपटीहून जास्त वेळ लागतो. रायझर भिंतीच्या पलीकडे बसवला असेल तर भिंत आधी गोठते, वाट बंद होते आणि बॉसच्या पोटातलं अजून वितळलेलं लोखंड उपाशी राहतं.

एवढं कागदावर करता येतं. पण दोन भिंतींमध्ये अडकलेला कोअर (पोकळी ठेवण्यासाठी साच्यात बसवलेला वाळूचा गाभा) तापला की वाळू उष्णता ओढेनाशी होते, आणि तिथला मॉड्युलस हातानं काढलेल्या आकड्याशी जुळत नाही. अशा तीस-चाळीस सांध्यांचं गिअरबॉक्स हाउसिंग कागदावर सोडवायला बसणं शक्य नाही. सिम्युलेशन त्याच कास्टिंगचे लाखो छोटे तुकडे करून प्रत्येक तुकड्याचा उष्णतेचा हिशेब क्षणाक्षणाला मांडतं.

‘अनुभवी माणूस नजरेनं सांगतो’

सांगतो, आणि मुख्य हॉट स्पॉट (सर्वांत शेवटी गोठणारी जागा) बहुतेक वेळा बरोबर सांगतो. पार्टिंग लाइन (साच्याच्या दोन भागांचा सांधा) कुठे घ्यावी, रायझर फेटलिंगला (कास्टिंग साफ करताना) कुठून सुटेल, कोअर कसा बसेल, हे त्याच्याशिवाय कुणाला ठरवता येत नाही. नजर चुकते ती उपाय केल्यानंतर. रायझर बसवला की त्याच्या मानेपाशी धातूचा नवा गठ्ठा तयार होतो. रायझर तोडल्यावर मानेखाली जे काळं, खरबरीत भोक दिसतं ते याच गठ्ठ्याचं. मान ५ मि.मी.ने कमी केली तर ती लवकर गोठेल का, वाढवली तर भोक कास्टिंगच्या आत सरकेल का, हे डोळ्यांनी ठरत नाही. म्हणून अनुभवी माणसालाच सिम्युलेशनसमोर बसवायला हवं.

‘स्क्रीनवर ओके, मशीन शॉपमध्ये पोकळ’

असं होतं. वारंवार होतं. पण का होतं ते शोधलं तर नेहमीची चार-पाच कारणंच सापडतात.

पहिलं, तापमान. सॉफ्टवेअरमध्ये १३८० अंश टाकलेले असतात. प्रत्यक्षात एका लॅडलमधून (धातू ओतायच्या भांड्यातून) दहा-बारा साचे ओततात आणि शेवटच्या साच्यात धातू १३०० अंशांवर जातो. पहिल्या साच्यात श्रिंकेजची (धातू आकसून पोकळी राहण्याची) भीती जास्त, शेवटच्यात कोल्ड शटची (थंडावलेल्या धातूचे प्रवाह नीट न जुळण्याची). दोन्ही टोकांना सिम्युलेशन चालवल्याशिवाय ओके म्हणू नये.

दुसरं, मेश, म्हणजे हिशेबासाठी पाडलेले छोटे तुकडे. ६ मि.मी.च्या भिंतीला ५ मि.मी.चे तुकडे पाडले तर उत्तर लवकर येतं आणि चुकीचं येतं. सर्वांत पातळ भिंतीच्या जाडीत किमान तीन तुकडे हवेत, म्हणजे इथे २ मि.मी.

तिसरं कारण एसजी आयर्नचं (गोलसर ग्रॅफाइट असलेल्या ओतीव लोखंडाचं), आणि आमच्या मते सर्वांत जास्त फसगत इथेच होते. एसजी गोठताना ग्रॅफाइट तयार होतं आणि धातू फुगतो. साचा कडक असेल तर हा फुगवटा आतली पोकळी भरून काढतो. साचा मऊ असेल तर तोच फुगवटा साच्याची भिंत बाहेर ढकलतो, कास्टिंग सुजतं आणि पोट रिकामं राहतं. सॉफ्टवेअर साचा कडक आणि धातू उत्तम धरून चालत असेल, तर ते चांगलंच उत्तर देणार. ओळखायची खूण सोपी आहे: सदोष कास्टिंग वजन काट्यावर ठेवा, पार्टिंगला आडवं माप घ्या. वजन नेहमीपेक्षा वाढलेलं आणि माप मोठं असेल तर आधी मोल्ड हार्डनेस (साच्याचा कडकपणा) तपासा, रायझरला हात लावू नका. सकाळचा माल चांगला आणि दुपारचा पोकळ असेल तर ट्रीटमेंटपासून (धातूत मॅग्नेशियम घालण्यापासून) शेवटचा साचा ओतेपर्यंत किती मिनिटं जातात ते मोजा. मॅग्नेशियम आणि इनॉक्युलेशन (ग्रॅफाइट नीट तयार व्हावं म्हणून धातूत घातलेलं द्रव्य) दोन्हींचा असर वेळेबरोबर उतरतो.

चौथं, चुकीची फूटपट्टी. नियामा निकष (गोठताना कुठे श्रिंकेज राहील याचा अंदाज देणारा आकडा) १९८२ साली पोलादी कास्टिंगसाठी मांडला गेला. त्याच रंगपट्टीवर ग्रे आयर्न (साधं ओतीव लोखंड) किंवा एसजीचा निकाल वाचणं चूक आहे, कारण त्यात ग्रॅफाइटचा फुगवटा धरलेलाच नाही.

आणि कधी कधी ते भोक श्रिंकेजचं नसतंच. कास्टिंग कापा, दहापट भिंगातून बघा. आतला पृष्ठभाग खडबडीत, काटेरी दिसला तर श्रिंकेज. गुळगुळीत, चकचकीत, गोलसर असेल तर गॅस: ओला कोअर, बुजलेला व्हेंट (वायू बाहेर जायची वाट), वाळूतलं जास्तीचं पाणी. फक्त गोठण्याचं सिम्युलेशन हे दाखवत नाही, आणि ते दाखवेल अशी अपेक्षाही धरू नये.

म्हणून नव्या पार्टला हात घालण्याआधी एक चालू पार्ट घ्यावा, ज्याचा दोष आणि दोषाची जागा माहीत आहे. आहे त्याच गेटिंगनं (धातू साच्यात नेणाऱ्या वाटांनी) सिम्युलेशन चालवावं, तीन-चार कास्टिंग कापून ताडून पाहावं. दोष त्याच जागी दिसेपर्यंत वाळूची आणि धातूची माहिती दुरुस्त करत राहावं. हे न करता मिळालेल्या निकालावर पॅटर्न बनवायला देऊ नये.

‘ट्रायल स्वस्त पडते’

ट्रायल घेणारा माणूस कास्टिंग घट्ट निघाल्याबरोबर थांबतो. चालू रायझर लहान करून बघायची जोखीम उत्पादनात कुणी घेत नाही, त्यामुळे गरजेपेक्षा मोठा रायझर वर्षानुवर्षं वितळत राहतो. हिशेब करा: २४ किलोच्या कास्टिंगला ४० किलो धातू ओतला तर यील्ड, म्हणजे ओतलेल्या धातूतला कास्टिंगचा वाटा, ६० टक्के. ते ६८ टक्क्यांवर आणलं तर ३५.३ किलो पुरतात. नगामागे ४.७ किलो, हजार नगांमागे ४.७ टन कमी वितळवायचे. इंडक्शन भट्टीला टनाला ६०० युनिट धरले तर सुमारे २,८०० युनिट वीज वाचते, आणि हे दर हजार नगांमागे.

‘मोठ्यांनाच परवडतं’

पवईच्या आयआयटीत प्रा. बी. रवी यांच्या मार्गदर्शनाखाली ऑटोकास्ट हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर तयार झालं, म्हणजे परदेशी सॉफ्टवेअरच घ्यायला हवं असं नाही. शिवाय पार्टमागे पैसे घेऊन सिम्युलेशन करून देणारेही आहेत. खरी अडचण आहे ती शॉप फ्लोअरवरची खरी मापं टिपून आणणारा माणूस नेमण्याची.

बाहेरून करून घेतलेला रिपोर्ट हातात आला की चित्रं नंतर बघा. पोअरिंगचं तापमान, मेशचा आकार, वाळूचा प्रकार, साचा किती कडक धरला आणि कुठल्या निकषावर निकाल दिला, हे लिहिलेलं आहे का ते आधी पाहा. नसेल तर रिपोर्ट परत पाठवा.