गाईचे मागचे पाय

सकाळी चहा घेताना फोन उघडला आणि डोकंच फिरलं. काल रात्री आमच्या पँटोचे, म्हणजे इथे इंग्लंडमध्ये नाताळाच्या सुमारास मुलांसाठी होणाऱ्या नाच-गाण्यांच्या विनोदी नाटकाचे, फोटो टाकले होते, त्याखाली एका जुन्या मित्राची कमेंट. पुण्यातला, कॉलेजपासूनचा, भरत नाट्य मंदिरात आम्ही पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका एकत्र केलेल्या. 'भरतच्या स्टेजवर काय काम करायचीस तू! आणि आता गाईचे मागचे पाय?' पुढे खदाखदा हसणारी तीन तोंडं. त्याला आपल्याच ग्रुपमधल्यांचे लाइक्स.

नाव घेत नाही. पण वाचत असशील तर आता शेवटपर्यंत वाच.

हो, गाईचे मागचे पाय. 'जॅक आणि घेवड्याचा वेल'मधली गाय. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. घरात दाणा नाही, म्हणून जॅकची आई गाय विकायला पाठवते आणि तो तिच्या बदल्यात मूठभर बिया घेऊन येतो. त्या गाईत दोन माणसं असतात. मागच्याने कमरेतून वाकायचं, पुढच्याचा पट्टा दोन्ही हातांनी धरायचा. दिसतात त्या फक्त त्याच्या टाचा. आमचे पुढचे पाय म्हणजे गावातले निवृत्त पोस्टमन, वय ७१. गाईच्या पापण्यांची दोरी त्यांच्या हातात असते. ते उजवा पाय टाकण्याआधी किंचित श्वास ओढतात, त्या श्वासावर मी माझा पाय उचलते. ऑक्टोबरपासून दर मंगळवारी, यॉर्कशरच्या थंडीत, गावाच्या हॉलमध्ये आम्ही ही चाल बसवली आहे. 'मागचे पाय' लिहायला तुला किती सेकंद लागले रे?

शनिवारी दुपारच्या प्रयोगात गाय विकायचा प्रसंग सुरू होता. मी आत, अंधारात, घामाने निथळत. आणि अचानक स्टेजच्या कडेला लाकडावर नाणं ठेवल्याचा आवाज आला. टक्. आमच्या प्रॉपर्टीत, म्हणजे नाटकाच्या सामानात, नाणं नव्हतंच.

त्याच्याकडे येते.

आपल्याकडे पँटोमाइम म्हटलं की मूकाभिनय डोळ्यांसमोर येतो. इथे नेमकं उलटं आहे. एके काळी परवाना असलेल्या मोजक्या नाट्यगृहांनाच संवादांचं नाटक करता यायचं, बाकीच्यांनी नाचून-गाऊन, हातवारे करून भागवायचं. १८४३ च्या कायद्याने ती मक्तेदारी मोडली. आता तर अख्खं प्रेक्षागृहच बोलतं. खलनायक दबकत मागून आला की पोरं किंचाळतात, 'तुझ्या मागे आहे!' नट म्हणतो 'नाहीये', पोरं म्हणतात 'आहे!' खलनायक नेहमी प्रेक्षकांच्या उजव्या हाताने येणार, परी डाव्या हाताने, आणि चार वर्षांच्या पोरालाही ते ठाऊक असतं. भरतला 'अरे आव्वाज कुणाचा'ने छप्पर उडवणारी माणसं आपण. आपणच याला आरडाओरडा म्हणायचं?

जॅकच्या आईचं काम पुरुष करतो, त्याला 'डेम' म्हणतात. आमचा डेम एरवी प्लंबर आहे. तो लुगडंबिगडं सावरल्यासारखा घागरा सावरत येतो आणि पहिल्या रांगेतल्या एखाद्या आजोबांवर लाइन मारतो, तेव्हा मला आपल्या गवळणीतली मावशीच दिसते. तीच कंबर, तोच तोरा. आणि 'अलबत्या गलबत्या'तली चिंची चेटकीण? दिलीप प्रभावळकरांनी केली तेव्हा कुणी त्यांना विचारलं होतं का, की हे काय पोरखेळ?

मान्य, पँटोतले विनोद जुनेच असतात. मान्य, मोठ्या शहरांत टीव्हीवरचे चेहरे आणून तिकिटं महाग करतात, आणि अल्लाउद्दीनच्या पँटोत चिनी माणसाची जी थट्टा वर्षानुवर्षं चालली ती मलाही खुपते. ठीक. पण मी गावाच्या हॉलबद्दल बोलतेय.

तर ते नाणं. सहाएक वर्षांचा मुलगा मधल्या वाटेने चालत थेट स्टेजपाशी आला होता. मध्यंतरात आइस्क्रीम घ्यायला मिळालेला एक पौंड त्याने कडेवर ठेवला आणि म्हणाला, 'मी घेतो तिला. तिला माझ्याकडे राहू दे.' गाईच्या आत मला शब्द न् शब्द ऐकू आला. हॉलमध्ये चिडीचूप. ज्यांचं काम विंगेत उभं राहून पोरांवर लक्ष ठेवायचं, त्या बाईसुद्धा जागच्या हलल्या नाहीत. पोस्टमनकाकांची पाठ माझ्या डोक्याखाली थरथरली.

आपण प्रायोगिक केलं ना रे? ३० प्रेक्षक, त्यातले २० आपलेच. नंतर कट्ट्यावर चहा पीत 'काय अप्रतिम' म्हणायचे. त्यातल्या एकाने तरी कधी आपल्या पात्राला वाचवायला खिशात हात घातला होता?

राग येतोय तो यामुळेच. आपल्या लोकांनी मुलांचं नाटक कायम धाकट्या पंगतीला बसवलं. सुधा करमरकरांनी १९५९ साली 'लिटिल थिएटर' उभं केलं, रत्नाकर मतकरींनी उभं आयुष्य त्यात घातलं, आणि आपण काय केलं? मे महिन्याची सुट्टी आली की 'बघू, एखादं बालनाट्य टाकू' म्हणून उरलेले पडदे आणि उरलेले नट. मीही तेच म्हणायचे. विशीत मला एका बालनाट्यात हरीण करायला सांगितलं होतं आणि मी अपमान झाल्यासारखी निघून आले होते. आता त्याची लाज वाटते.

आमची जॅक, म्हणजे जॅकचं काम करणारी मुलगी, इथल्या वृद्धाश्रमात रात्रपाळी करते. शनिवारी सकाळी सातला सुटून, तीन तास झोपून आली होती. ती त्या पोरासमोर गुडघ्यांवर बसली. हसली नाही, प्रेक्षकांकडे बघून डोळा मारला नाही. म्हणाली, 'मला आज हिला पाठवावंच लागतंय. पण ती परत येणार आहे. तू लक्ष ठेवशील?' तो 'हो' म्हणाला. काकांनी गाईची मान खाली केली, अगदी त्याच्या हातापाशी, आणि पापण्या एकदा सावकाश मिटल्या. हे तालमीत नव्हतं. त्यांची पाठ वाकली तशी मीही वाकले, म्हणून मला कळलं. कुठल्या अभिनय शिबिरात शिकवतात हे, मला सांग.

शेवटच्या प्रवेशात राक्षसाच्या वाड्यातून गाय बाहेर आली तेव्हा एकच आवाज सगळ्यांच्या वर गेला, 'आली! मी सांगितलं होतं!' तो मी जन्मभर विसरणार नाही.

लिहिता लिहिता राग बराच उतरला. तू वाईट नाहीस रे, मला माहीत आहे. लांबून फोटोत गाईचे मागचे पायच दिसतात. एखाद्या जानेवारीत ये इकडे. तिकीट मी काढते, पहिल्या रांगेत बस.

प्रयोग संपल्यावर त्या मुलाची आई नाणं परत घ्यायला आली, आम्हीही द्यायला गेलो. मुलगा घेईना. घेतलं तर तिला पुन्हा विकाल, म्हणाला. शेवटी काकांनी ते गाईच्या डाव्या कानात टाकलं आणि मी वरून चार टाके घातले. रात्रीच्या प्रयोगात प्रत्येक उजव्या पावलाला ते किणकिणत होतं. श्वास ऐकायची गरजच पडली नाही.