सातशे मीटरवरची मर्दुमकी

आज सकाळी ग्रुपवर एकाने व्हिडिओ टाकला. आफ्रिकेतला माळ, लांबवर उभा रानरेडा, अलीकडे पोटावर पडून नेम धरलेला शिकारी. अंतर सातशे मीटर, असं तोच अभिमानाने सांगतो. बार होतो, रेडा दचकतो, लंगडत झुडपात शिरतो, इकडे मिठ्या मारणं सुरू आणि व्हिडिओ संपला. खाली टाळ्याच टाळ्या. दुपारपर्यंत गप्प बसलो, आता राहवत नाही.

शिकारीची हौस आपल्यापैकी कुणालाच नाही, त्यावर वेगळं लिहायला नको. पण जिथे ती कायद्याने चालते, तिथे हातात कुठलं हत्यार घेतलंस आणि किती जवळ गेलास, यावरूनच माणूस कळतो. सातशे मीटर जायला गोळीला जवळपास एक सेकंद लागतो. तेवढ्यात जनावर एक पाऊल टाकतं आणि छातीवरचा नेम पोटावर जातो.

पोटात गोळी लागणं म्हणजे काय, ते मी पाहिलंय. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियात नोकरीला असताना एक सहकारी मला लिम्पोपो प्रांतात त्याच्या काकांच्या फार्मवर घेऊन गेला होता. तिथे एक श्रीमंत पाहुणा कुडू मारायला आला होता, नवीकोरी .416 रायफल घेऊन (नावातला पहिला आकडा म्हणजे गोळीची जाडी, इंचात). कुडू म्हणजे पिळदार शिंगांचं मोठं हरीण, त्याला .30-06 ही मधली रायफल सहज पुरते. .416 हत्ती-रेड्यांसाठी. बार होताना खांद्याला बसणाऱ्या धक्क्याच्या भीतीने चाप ओढण्याआधीच त्याचा खांदा आखडला आणि गोळी मागे, पोटात गेली. माग काढणाऱ्या आजोबांनी पानावरचं रक्त बोटावर घेतलं. त्यात चघळलेल्या पाल्याचा हिरवा चोथा होता. ते कुणालाच काही बोलले नाहीत, वाकून चालायला लागले.

म्हणजे मोठी बंदूक घेतली की झालं, असंही नाही. टांझानियात हत्ती-रेड्यांसाठी किमान .375 लागते, आणि तो नियम योग्यच आहे. सहा-सातशे किलोच्या रेड्याचं हृदय छातीत खाली, पुढच्या पायांमध्ये असतं. तिथपर्यंत हाड फोडून जाणारी गोळी हवी. पण जी रायफल आपल्याला पेलत नाही, ती कितीही महाग असो, जनावरासाठी शिक्षाच.

आता कुणीतरी जुन्या काळच्या हत्ती-शिकारी कारामोजो बेलचं नाव काढेल. हो, त्याने बारक्या 7 मिमी रायफलने शेकडो हत्ती मारले. पण त्याने हत्तीची कवटी करवतीने चिरून मेंदू नेमका कुठे असतो ते पाहिलं होतं, आणि तो जवळ जाऊन मारायचा. हस्तिदंतासाठी इतके जीव घेणाऱ्याला मी हार घालणार नाही. पण त्याच्या नावावर हलकी रायफल मिरवणाऱ्यांनी निदान तेवढा अभ्यास तरी करावा.

आणि धनुष्यबाण! 2015 मध्ये झिम्बाब्वेत ह्वांगे अभयारण्याजवळ सेसिल नावाच्या सिंहाला अमेरिकेतल्या दंतवैद्याने बाण मारला. ऑक्सफर्डच्या संशोधकांचा, माग ठेवणारा पट्टा गळ्यात असलेला तो सिंह त्यानंतर कित्येक तास जखमी अवस्थेत जिवंत होता. थरार माणसाचा, तास सिंहाचे. संताप येतो.

नामिबियात शिकारीचा पैसा आणि मांस गावांच्या संस्थांना मिळतं, म्हणून तिथले लोक प्राणी राखतात, हे मान्य. केनियाने 1977 मध्ये बंदी घालूनही प्राणी घटतच गेले, तेही मान्य. पण म्हणून कसंही मारायचं?

तो कुडू दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला. कोल्ह्यांनी मागून खायला सुरुवात केली होती. पाहुण्याचा पहिला प्रश्न, ‘याचे पैसे द्यावे लागतील का?’ तिकडचा रिवाज साधा आहे: रक्त सांडलं की पैसे भरायचे, जनावर सापडो न सापडो. आजोबा शिंगांजवळ बसून राहिले होते. आदल्या दिवशी अंधार पडेपर्यंत ते शोधत होते, हे त्या माणसाच्या डोक्यातही आलं नाही.

आता जरा शांत होऊन लिहितो. पाहुणा आला की आधी त्याला कागदावर गोळ्या मारायला लावतात, तिपाईच्या आधाराने, म्हणजे रायफल आणि माणूस दोघांची परीक्षा होते. चांगले शिकारी-वाटाडे हे चुकवत नाहीत. जो नापास होतो त्याला ते कॅम्पवरची रायफल देतात, नाहीतर जवळ नेतात, नाहीतर सरळ नाही म्हणतात. सहकाऱ्याच्या काकांनी त्या दिवशी ती परीक्षा घेतलीच नव्हती. पाहुणा मोठा, वाईट वाटेल म्हणून. भिंतीवर जुनी .30-06 टांगलेली होती.