‘शुगर असेल तर रताळ्याचे चिप्स पोटभर खा’ या मेसेजला उत्तर

महाशिवरात्र आठवड्यावर आली की आमच्या परभणीच्या बाजारात कवठं आणि रताळी शेजारी शेजारी मांडलेली दिसतात, आणि त्याच सुमारास फोनवर एक मेसेज फिरू लागतो. यंदा तो मला माहेरच्या गटात आला, सासरच्या गटात आला, भिशीच्या गटात आला आणि लेकराच्या शाळेच्या पालकगटातही आला. मजकूर थोडक्यात असा: बटाटा परदेशी, रताळं आपल्या ऋषिमुनींचं. रताळ्यातली साखर नैसर्गिक, म्हणून शुगरवाल्यांनी त्याचे चिप्स पोटभर खावेत. रोज खाल्ले तर चष्मा उतरतो. घरच्या चिप्समध्ये तेल राहत नाही, आणि ओव्हनमध्ये केले तर काहीच दोष नाही. चांगले तपकिरी होऊ द्यावेत, त्यातच पौष्टिकपणा आहे. रताळी फ्रीजमध्ये ठेवून वर्षभर हेच करावं.

मी उत्तर लिहायला बसले ते माझ्या थोरल्या चुलत्यांमुळे. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. बारा वर्षांपासून त्यांना शुगर आहे आणि गोड त्यांनी खरोखर सोडलेलं आहे. गेल्या शिवरात्रीला मी रताळ्याचे चिप्स तळून डबा भरून त्यांच्याकडे नेला. अण्णांनी फोन पुढे केला, “बघ बाई, आता हे आपल्याला चालतं म्हणतेत.” मी गप्प बसले. माझ्या हातचं ते इतक्या आवडीनं खातायत, याचाच आनंद झाला होता. संध्याकाळपर्यंत निम्मा डबा संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी शुगर तपासली तर २८० निघाली. तेव्हा बोलायला हवं होतं ते आता बोलते.

“रताळ्यातली साखर नैसर्गिक, शुगर वाढत नाही.” सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्यानं होतं, म्हणून आधी हे. रताळ्यात गोडव्यापेक्षा पिष्ठ कितीतरी जास्त असतं. १०० ग्रॅम कच्च्या रताळ्यात साधारण २० ग्रॅम कर्बोदकं असतात. पोटात गेल्यावर त्यांची ग्लुकोजच होते, मग ती शेतातून आलेली असोत की कारखान्यातून.

या दाव्यात थोडं खरं आहे, आणि तेवढ्यावरच तो तगून आहे. उकडलेलं रताळं रक्तातली साखर तुलनेनं सावकाश वाढवतं. जमैकात खाल्ल्या जाणाऱ्या रताळ्याच्या १० वाणांवरचा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उकडलेल्या रताळ्याचा ग्लायसेमिक निर्देशांक (पदार्थ रक्तातली साखर किती वेगानं वाढवतो त्याचा आकडा, जास्त म्हणजे जास्त वेगानं) ४१ ते ५० आला, तळलेल्याचा ६३ ते ७७, आणि भाजलेल्याचा ७९ च्या पुढे थेट ९० च्या वर. कंद तोच, पण चुलीवर त्याचं काय केलं यावर सगळं बदललं. मेसेज लिहिणाऱ्यानं उकडलेल्या रताळ्याचा गुण उचलून चिप्सला चिकटवला.

त्यात चिप्सची आणखी एक गोष्ट आहे, ती डोळ्यांना दिसत नाही. रताळ्यात तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणी असतं, तळताना ते उडून जातं. माझ्या हाती एक किलो रताळ्याचे तीनशे-साडेतीनशे ग्रॅम चिप्स येतात. म्हणजे वाडगाभर दिसणारे १०० ग्रॅम चिप्स हे पाव किलोहून जास्त रताळं झालं, वर तेल वेगळंच. पाव किलो उकडलेलं रताळं खाताना माणूस मध्येच पाणी मागतो, थांबतो. चिप्सला हात थांबत नाही. अण्णांनी त्या दिवशी किलोच्या आसपास रताळं खाल्लं होतं, आणि त्यांना वाटत होतं आपण थोडंसंच तोंडात टाकतोय. उपवासाच्या दिवशी गोळी किंवा इन्सुलिन कसं घ्यायचं हेही आधी डॉक्टरांना विचारून ठेवावं. लांबलेली भूक आणि त्यावर एकदम इतकं पिष्ठ, दोन्ही शरीराला जड जातं.

“बटाटा परदेशी, रताळं ऋषिमुनींचं.” दोन्ही अमेरिका खंडातून आले. १४९२ साली कोलंबस तिकडे पोचला, त्यानंतर पोर्तुगीजांच्या जहाजांतून हे कंद आपल्याकडे आले. जुन्या ग्रंथांतली कंदमुळं वेगळी: सुरण, कोनफळ असली. गुजरातीत आजही रताळू म्हणतात ते जांभळ्या कोनफळाला. आणि ‘बटाटा’ हा शब्द तर मुळात रताळ्याचाच आहे. कॅरिबियन बेटांवरचे लोक रताळ्याला ‘बटाटा’ म्हणायचे. स्पॅनिश-पोर्तुगीजांनी तो शब्द उचलला, पुढे तो दुसऱ्याच कंदाला लागला आणि तसाच आपल्याकडे उतरला. पोर्तुगीज लोक अजूनही रताळ्याला ‘गोड बटाटा’ अशा अर्थाच्या शब्दानं ओळखतात. नात्यानं मात्र दोघे लांबचे: बटाटा वांग्या-टोमॅटोच्या कुळातला, रताळं गारवेलीच्या. शेंगदाणा, मिरची, साबुदाणा ज्याचा होतो तो टॅपिओका, हेही सगळे तिकडचेच. उपवासाच्या ताटातून परदेशी म्हणून बटाटा काढायचा तर ताटात भगर आणि दही उरेल.

पोषणातही बटाटा काही वैरी नाही. १०० ग्रॅम कच्च्या रताळ्यात ८६ उष्मांक, बटाट्यात ७७. तंतू रताळ्यात थोडे जास्त, क जीवनसत्त्व बटाट्यात बरंच जास्त. तळल्यावर दोघंही १०० ग्रॅममागे ५०० उष्मांकांच्या आसपास जातात.

“चष्मा उतरतो.” या दाव्याच्या मुळाशी मात्र खरंच मोठं काम आहे. नारिंगी गराच्या रताळ्यात बीटा कॅरोटीन भरपूर असतं आणि शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व बनवतं. आफ्रिकेत जिथे लेकरांना अ जीवनसत्त्वाची उणीव होती, तिथे अशी रताळी घरोघर पोचवली गेली. त्यासाठी मारिया आंद्रादे, रॉबर्ट म्वांगा आणि जॅन लो यांना २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पोषक पिकांच्या कामासाठी हॉवर्थ बुइस हेही त्यात होते. या उणिवेमुळे रातांधळेपणा येतो, तो अ जीवनसत्त्व मिळालं की टळतो. चष्म्याचा नंबर डोळ्याच्या गोळ्याच्या आकाराशी जोडलेला असतो, तो रताळ्यानं बदलत नाही.

आणि आपल्या आठवडी बाजारातलं रताळं कापून बघा: साल लाल किंवा गुलाबी, आत गर पांढरा नाहीतर फिका पिवळसर. त्यात बीटा कॅरोटीन नावापुरतंच. नारिंगी गर हवा असेल तर वाण वेगळा लागतो. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेचा ‘भू सोना’ हा नारिंगी गराचा आणि ‘भू कृष्णा’ जांभळ्या गराचा. ज्यांच्याकडे विहिरीला पाणी आहे त्यांनी ‘भू सोना’च्या वेलाचे तुकडे मिळवून चार सऱ्या लावून पाहाव्यात, असं मला मनापासून वाटतं. नारिंगी चिप्स दिसायलाही देखणे होतात.

“घरच्या चिप्समध्ये तेल राहत नाही.” राहतं, आणि भरपूर राहतं. पातळ चकती तळली की तिच्यातलं पाणी वाफ होऊन निघतं आणि त्या रिकाम्या जागांत तेल शिरतं. म्हणून तयार चिप्समध्ये वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं तेल असू शकतं. घरच्या कढईला वेगळा नियम नाही. पण तेल कमी करता येतं, आणि ते आपल्या बायकांना पिढ्यान् पिढ्या माहीत आहे: कढईत जाण्याआधीच पाणी घालवायचं.

माझी माय उन्हाळ्यात कुरडया-पापड्यांबरोबर रताळ्याचे कापही वाळवायची. शिवरात्रीनंतर आपल्याकडचं ऊन कोरडं असतं, चैत्र-वैशाखात तर चाळिशीच्या वर जातं. मराठवाड्याच्या या उन्हाचा असा उपयोग करायलाच हवा. रताळी सोलून किसणीवर एक-दीड मिलिमीटर जाडीच्या चकत्या पाडायच्या आणि त्या थेट पाण्यातच पडू द्यायच्या. रताळ्याला चीक असतो, आणि हवा लागली की कापलेला भाग काळवंडतो. दोन-तीनदा पाणी बदलून धुवायच्या, म्हणजे वरचं पिष्ठ निघून जातं आणि चकत्या एकमेकींना चिकटत नाहीत. मग उकळत्या पाण्यात सैंधव टाकून दीड-दोन मिनिटं. चकती वाकली पाहिजे, तुटता कामा नये. निथळून बाजेवर जुनी सुती साडी अंथरून एकेक सुटी पसरायची. दोन दिवसांत खडखडीत वाळतात. हे वाळवण तळायला क्षणभर पुरतं आणि तेलही कमी पितं.

ताजेच तळायचे असतील तर चकत्या पंचावर पसरून, वरून दुसऱ्या फडक्यानं दाबून, हाताला ओल लागणार नाही इतक्या कोरड्या करा. तेल मध्यम हवं, १५०-१६० अंशांच्या आसपास. थर्मामीटर नसेल तर एक चकती टाकून बघा: तिच्याभोवती बुडबुडे लगेच यावेत, पण चकती लगेच रंगू नये. तेल गार असेल तर ते पिऊन चकत्या मऊ पडतात, धूर येण्याइतकं तापलं तर कडा करपतात आणि मधला भाग कच्चा राहतो. घाणा लहान घ्या. बुडबुडे विरले की समजायचं पाणी गेलं, झाऱ्यानं उचलायचं. कढईतून निघताना चिप्स किंचित लवचिक वाटतात, गार होताना कुरकुरीत होतात. “अजून कडक नाही झाले” म्हणून ठेवले की करपलेच. मीठ आणि मिरपूड शेवटी, गरम असतानाच.

तेल कोणतं, हेही विचारतात. घाण्याचं करडई तेल आपल्या भागाची ओळख आहे, परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘परभणी कुसुम’ वाणानं ते पीक टिकवलं आहे. ज्वारीच्या भाकरीबरोबरच्या चटणीवर मला तेच लागतं. पण त्यात लिनोलिक नावाचं स्निग्ध आम्ल फार असतं, तळणात ते लवकर खराब होतं. तळायला शेंगदाण्याचं घ्या, ते उपवासालाही चालतं, आणि एकदा तळलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका.

ओव्हन आणि एअर फ्रायरमध्ये तेल कमी लागतं हे खरं. पण ‘काहीच दोष नाही’ हे खोटं. रताळ्यात पिष्ठाची माल्टोज नावाची साखर करणारं विकर (एन्झाइम) असतं आणि ते ६० ते ७५ अंशांच्या दरम्यान जोरात काम करतं. ओव्हनमध्ये रताळं हळूहळू तापतं, म्हणजे नेमकं या टप्प्यात जास्त वेळ राहतं. म्हणून भाजलेलं रताळं इतकं गोड लागतं. शुगरच्या माणसाला हे कळायला हवं.

“तपकिरी म्हणजे पौष्टिक.” हे उलटं आहे. २००२ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की पिष्ठमय पदार्थ १२० अंशांच्या वर तळले-भाजले की त्यांतली साखर आणि अ‍ॅस्परजिन हे अमिनो आम्ल मिळून अ‍ॅक्रिलामाइड तयार होतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत या रसायनामुळे कर्करोग झाल्याचं दिसलं आहे. रताळ्यात साखर जास्त, म्हणून त्याला जपूनच तळावं लागतं. रंग फिका सोनेरी झाला की बस. पाण्यात भिजवणं आणि उकळत्या पाण्यातून काढणं यानं साखर धुतली जाते, म्हणून मायची पद्धत इथेही कामी येते. ओव्हनमध्ये तपकिरी केलेले चिप्सही याला अपवाद नाहीत. करपलेले चिप्स लेकरांच्या ताटात टाकू नका.

“रताळी फ्रीजमध्ये ठेवा.” ठेवू नका. १२-१३ अंशांच्या खाली रताळं आतून बिघडतं. गाभा टणक राहतो आणि कितीही शिजवला तरी मऊ होत नाही. टोपलीत, हवेशीर कोपऱ्यात, न धुता ठेवा, आणि डाग पडलेलं बाजूला काढा. वर्षभरासाठी ठेवायचं असेल तर वाळवण घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. तळलेले चिप्स पूर्ण गार झाल्यावरच डब्यात घाला. किंचित ऊब राहिली तर तिची वाफ आत धरते आणि दुसऱ्या दिवशी ते मऊ पडतात.

यंदा शिवरात्रीला मी पुन्हा अण्णांकडे जाणार आहे. मुठीएवढं एक रताळं सालीसकट उकडून, सोबत दही, आणि वाटीत मोजून सात-आठ चिप्स. डबा लेकरांसाठी, तो त्यांच्यापासून लांब ठेवायला काकूंना आधीच सांगून ठेवलंय.